रेल्वेत मिळालं एक पुस्तक आणि मोडला संसार. पापक्षमेचा अर्थ शोधणाऱ्या नगरच्या रेव्हरंड टिळकांची गोष्ट

टिळक म्हटलं की आपल्याला आठवतात ते लोकमान्य. केसरीवाले, मंडालेला गेलेले. पण त्याच काळात महाराष्ट्रात आणखी एक टिळक होते. तेही कोकणातले, तेही चित्पावन ब्राह्मण, तेही संस्कृतचे पंडित. शाळेच्या पुस्तकात जखमी पक्षिणीची कविता वाचून ज्यांचे डोळे भरून आले होते, त्यांनी या टिळकांना वाचलेलं आहे. फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून ते ओळखले गेले. त्यांचं नाव नारायण वामन टिळक.

१८९५ साली हे टिळक ख्रिस्ती झाले. पुढचं जवळपास सगळं आयुष्य त्यांनी अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये काढलं. मराठी चर्चमध्ये रविवारी जी गाणी म्हटली जातात, त्यातली कितीतरी त्यांची आहेत.

ते ख्रिस्ती झाले कसे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यापुढचा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. ज्या धर्मात पापाची क्षमा हा सगळ्याचा पाया मानला जातो, त्या धर्मात जाताना टिळकांनी आपल्या बायकोचा संसार मोडला होता. मग ती क्षमा त्यांना मिळाली कुठे? देवाकडे, की घरात?

बेचैन मुलगा

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील वामनराव कडक स्वभावाचे, तर आई जानकीबाई भाविक. कवितेची आवड आईकडून आली, असं टिळक मानत. आई लवकर गेली आणि घराशी असलेला मुलाचा धागाच तुटला. तो घर सोडून नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. थोडं इंग्रजीही शिकला.

१८८० साली लग्न झालं. बायको नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, वय साधारण बारा वर्षांचं. लग्नानंतर ती लक्ष्मीबाई झाली.

संसार सुरू झाला खरा, पण टिळक एका जागी थांबतच नव्हते. आज इथे शिक्षक, उद्या तिथे कीर्तन. मनात आलं की घरात काही न सांगता निघून जायचं. हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू माणूस दिसला की खिसा रिकामा. रागही तसाच, क्षणात चढायचा आणि क्षणात उतरायचा. लक्ष्मीबाईंची सुरुवातीची वर्षं बहुतेक नातेवाइकांकडे राहण्यात आणि नवरा आता कुठे असेल याचा अंदाज बांधण्यातच गेली.

नागपूरला अप्पासाहेब बुटी या धनिकाकडे टिळकांना संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. अभ्यास वाढला तशी बेचैनीही वाढली. आपला देश असा मागे का पडला? माणसामाणसांत जातीच्या भिंती का? सगळ्यांना एकत्र बांधेल असा धर्म कुठला? हे प्रश्न त्यांना झोपू देत नव्हते.

रेल्वेच्या डब्यातली भेट

साल १८९३. टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. संस्कृत कवितेवर गप्पा सुरू झाल्या आणि बोलता बोलता विषय धर्माकडे वळला. उतरण्याआधी त्या गृहस्थाने टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं.

टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटलं. पण पुस्तक वाचायचं वचन दिलं होतं, म्हणून वाचायला घेतलं. सुरुवातीला काही मन रमेना. मग ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले ते अडकलेच.

आता या प्रवचनात असं काय आहे? मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायात येशूची शिकवण एकत्र दिली आहे. शत्रूवर प्रेम करा, दुसऱ्याचा न्याय करत बसू नका, दान गुपचूप करा, अशा गोष्टी त्यात येतात. सगळ्या ख्रिस्ती जगात रोज म्हटली जाणारी प्रभूची प्रार्थनाही त्यातच आहे. त्या प्रार्थनेत माणूस देवाकडे क्षमा मागतो, पण सोबत एक गोष्ट कबूलही करतो. ती म्हणजे आपल्याशी वाईट वागलेल्यांना आपणही क्षमा केली आहे.

याच प्रवचनात आणखी एक सूचना आहे. देवाला अर्पण वाहायला निघाला असाल आणि आपल्या भावाचं आपल्याविरुद्ध काही गाऱ्हाणं आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवा. आधी जाऊन त्याच्याशी समेट करा, मग परत या.

ही सूचना लक्षात ठेवा. टिळकांच्या आयुष्यात ती पुढे फार जवळची ठरणार होती.

पापक्षमा आणि तारण म्हणजे नेमकं काय?

ख्रिस्ती विचारात पाप म्हणजे फक्त चोरी, खोटेपणा, व्यभिचार अशी यादी नसते. देवापासून तुटणं आणि माणसांपासून तुटणं, हे पापाचं मूळ मानलं जातं. वाईट कृत्यं ही त्या तुटण्याची फळं.

आता हे तुटलेलं नातं जोडायचं कसं? आपल्याकडे सहज सुचणारं उत्तर म्हणजे पुण्य साठवायचं. व्रत, दान, तीर्थयात्रा, प्रायश्चित्त. ख्रिस्ती धर्म म्हणतो की माणसाने कितीही पुण्य केलं तरी हा हिशेब त्याच्या बाजूने पुरा होत नाही. म्हणून देव स्वतः पुढे येतो. येशूने वधस्तंभावर मरण पत्करलं ते माणसांच्या पापांसाठी, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. त्यामुळे क्षमा कमवावी लागत नाही, ती कृपा म्हणून मिळते. माणसाने पश्चात्ताप करायचा, विश्वास ठेवायचा आणि आयुष्याची दिशा बदलायची. पापातून अशी सुटका होऊन देवाशी नातं जुळणं, याला मराठी ख्रिस्ती लोक तारण म्हणतात.

हे समजवायला येशूने सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट नेहमी दिली जाते. मुलगा बापाच्या हयातीतच आपला वाटा मागून घेतो, परमुलखात जाऊन उडवतो, उपाशी मरायची वेळ येते तेव्हा परत निघतो. घरी गडी म्हणून राहू, असं त्याने मनाशी ठरवलेलं असतं. पण बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जातो आणि गळ्यात पडतो. मुलाचं माफीचं बोलणं पुरं होण्याआधीच बाप नोकरांना नवे कपडे आणायला सांगतो.

टिळकांना हा विचार परका वाटला नाही, आणि त्याचं कारण महाराष्ट्रातच आहे. देव पतितपावन आहे, तो आईसारखा धावून येतो, आपल्या अंगी काही योग्यता नसतानाही जवळ घेतो, हे वारकरी संतांनी मराठी माणसाला शेकडो वर्षं सांगितलेलं होतं. तुकोबांचा पूल ओलांडून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं टिळक पुढे सांगत. धर्म बदलला तरी तुकाराम आणि ज्ञानेश्वर त्यांनी सोडले नाहीत.

१० फेब्रुवारी १८९५

टिळकांनी मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनमधल्या जस्टिन ॲबट यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही भारतीय पाळकाच्या हातून. रेल्वेतल्या त्या माणसाने सांगितलेली दोन वर्षांची मुदत जवळपास खरी ठरली.

इकडे घरात हाहाकार उडाला. त्या काळी ब्राह्मण घरातला माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे तो घरच्यांना मेल्यासारखाच. त्याच्यासोबत जेवणं नाही, त्याच्या हातचं पाणी नाही. त्याच्या बायकोची अवस्था तर आणखी अवघड. नवरा जिवंत आहे, म्हणून विधवा नाही. पण त्याच्याकडे गेली तर जात जाणार, माहेर तुटणार. नाही गेली तर आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात.

लक्ष्मीबाईंचं वय तेव्हा सत्तावीसच्या आसपास. पदरात लहानगा दत्तू. आधीची काही मुलं दगावलेली. या निर्णयाआधी नवऱ्याने त्यांना विचारलं नव्हतं. त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपूरला राहिल्या. दुःखाने आजारी पडल्या. पुढची चार-पाच वर्षं हा संसार दोन जागी तुटलेला होता.

इथे टिळकांची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांना जे खरं वाटलं, ते लपवून जगणं त्यांना शक्य नव्हतं. पण त्या खरेपणाची किंमत त्यांच्याइतकीच, किंबहुना जास्तच, दुसऱ्या कोणीतरी मोजली. क्षमेचा धर्म स्वीकारलेल्या माणसाविरुद्ध घरातच एक मोठं गाऱ्हाणं उभं राहिलं होतं.

नगरमध्ये जुळलेला संसार

बाप्तिस्म्यानंतर टिळक नगरला आले. नगर तेव्हा मराठी ख्रिस्ती समाजाचं मोठं केंद्र होतं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ सालीच तिथे काम सुरू केलं होतं. ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरमधूनच निघालं. फुल्यांना मुलींच्या शिक्षणाची कल्पना जिथे प्रत्यक्ष पाहायला मिळाली, ती सिंथिया फरार यांची शाळाही नगरचीच. टिळक मिशनच्या धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात शिकवू लागले. मिशनचे रॉबर्ट ह्यूम हे तिथले ज्येष्ठ सहकारी.

या काळात टिळक बायकोला पत्रं लिहीत राहिले, भेटायचा प्रयत्न करत राहिले. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. धर्म बदल तरच ये, अशी अटही घातली नाही.

अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला आल्या, पण स्वतःच्या अटींवर. सोवळं-ओवळं पाळायचं, स्वयंपाक वेगळा, जात सोडायची नाही. टिळकांनी ते सगळं मान्य केलं. एकाच माणसाच्या संसारात एकीकडे बायबल आणि दुसरीकडे सोवळ्यातलं पाणी, असा प्रकार सुरू झाला.

लक्ष्मीबाईंचं मन बदललं ते कोणाच्या प्रवचनाने नव्हे. त्या स्वतःच विचार करू लागल्या. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर गाय आणि घोडा जसे दिसताक्षणी वेगळे ओळखता येतात, तशी माणसंही जातीवरून वेगळी दिसली असती. तसं तर काही नाही. मग हा भेद माणसाचाच. हे पटलं त्या दिवशी त्यांनी कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. लहानपणापासून विटाळाच्या धाकात वाढलेल्या बाईसाठी ही उडी किती मोठी होती, याचा आज अंदाज करणंही कठीण आहे. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

ते वर्ष भयंकर दुष्काळाचं होतं. नगर जिल्ह्यात अन्नावाचून माणसं मरत होती, मुलं अनाथ होत होती. टिळक दांपत्याने अशा मुलांना जवळ केलं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्याचा स्पर्श टाळणाऱ्या लक्ष्मीबाई आता महार-मांगांच्या मुलांना आपल्या हाताने भरवत होत्या.

पापाची ख्रिस्ती व्याख्या वर आली आहे, देवापासून आणि माणसांपासून तुटणं. ती धरली तर या घरात तुटलेलं काय काय जुळत होतं, ते सहज दिसतं. नवरा-बायको, ब्राह्मण आणि महार, आई नसलेली मुलं आणि आई.

टाळ-मृदंगातला ख्रिस्त

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड टिळक झाले. पण चर्चमधलं वातावरण त्यांना खटकत होतं. चाली परदेशी, शब्द भाषांतरित, बसण्या-उठण्याची पद्धत साहेबी. गावातला नव्याने ख्रिस्ती झालेला माणूस पापक्षमेबद्दल ऐकायचा, पण ते त्याच्या मनापर्यंत पोहोचायचं नाही.

टिळकांनी हे सगळं मराठीत आणलं. अभंग, ओवी, भजन, कीर्तन. टाळ-मृदंगाच्या साथीने येशूची कथा. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त न्यायाधीशासारखा वर बसलेला नसतो. तो गुरू असतो आणि बहुतेक वेळा आई असतो. आपण केलेल्या चुकांची यादी वाचणाऱ्या देवापेक्षा लेकराची वाट पाहणारी माउली मराठी मनाला ओळखीची होती. मराठी चर्चच्या उपासनासंगीत या गीतसंग्रहात टिळकांच्या गीतांचा मोठा वाटा आहे.

१९१२ पासून त्यांनी ज्ञानोदयच्या मराठी भागाचं संपादन केलं. ख्रिस्ती व्हायचं म्हणजे साहेब व्हायचं का, हा प्रश्न ते सतत विचारत राहिले. देशावरचं त्यांचं प्रेम ख्रिस्ती झाल्यावर कमी झालं नाही. उलट मिशनऱ्यांच्या वडीलकीखाली भारतीय ख्रिस्ती माणूस कायमचा लहान राहील, ही भीती त्यांनी उघडपणे मांडली.

त्यांचं घर सगळ्यांना उघडं होतं. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे हे या घरात मुलासारखे राहिले. टिळकांनी त्यांच्या कवितेला माया दिली आणि लक्ष्मीबाईंनी जेवू घातलं. बालकवी हिंदूच राहिले, आणि त्यावरून या घरात त्यांचं काही अडलं नाही.

देवाचा दरबार

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी पुन्हा एकदा सगळं सोडलं. मिशनची पगाराची नोकरी सोडून संन्याशासारखं राहायचं ठरवलं. या वेळी मात्र लक्ष्मीबाईंपासून काही लपवलेलं नव्हतं.

साताऱ्यात त्यांनी देवाचा दरबार या नावाने एक मंडळ सुरू केलं. त्याची कल्पना त्या काळाच्या मानाने धक्कादायक होती. ख्रिस्ताला मानणारा कोणीही यात येऊ शकेल, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो.

यात धक्का कसला? तर बहुतेक चर्चमध्ये बाप्तिस्मा हा पापक्षमेचा आणि नव्या जन्माचा संस्कार मानला जातो. त्यानंतरच माणूस मंडळीचा सभासद होतो. टिळकांनी बाप्तिस्मा नाकारला नाही. त्यांनी स्वतः त्यासाठी घरदार पणाला लावलं होतं. पण ज्या पायरीवर कुटुंबं तुटतात, माणूस आपल्या लोकांत परका होतो, त्या पायरीच्या बाहेर उभ्या असलेल्यांना ख्रिस्ताचे म्हणायचं नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. त्या पायरीवर काय होतं, हे त्यांनी आपल्याच घरात पाहिलं होतं.

दरबार फार वाढला नाही. त्यांना तेवढा वेळच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे दफन न करता आपलं दहन व्हावं, अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. अस्थी नगरला आणल्या गेल्या.

उरलेलं काम कोणी पुरं केलं?

टिळकांनी ख्रिस्तायन हे मोठं महाकाव्य हाती घेतलं होतं. येशूचं चरित्र, ओवी छंदात. म्हणजे ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्यातल्या कवीने त्याच छंदात ख्रिस्तकथा सांगायला घेतली होती. पहिले दहा-अकरा अध्याय लिहून झाले आणि टिळक गेले.

पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या येशूमुळे आपला नवरा गेला असं त्या एके काळी मानत होत्या, त्याच येशूचं चरित्र त्यांनी नवऱ्याच्या माघारी पूर्ण केलं. शाळेत न गेलेल्या, घरीच अक्षरं शिकलेल्या बाईने.

त्यांनी आणखी एक पुस्तक लिहिलं, ते म्हणजे स्मृतिचित्रे. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झालं आणि मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत ते गणलं जातं. नवऱ्याचा राग, त्याचा विसराळूपणा, न सांगता निघून जाणं, ख्रिस्ती झाल्यावर आपल्यावर कोसळलेलं आभाळ, यातलं काहीही त्यात झाकलेलं नाही. तरी पुस्तक वाचताना तक्रार ऐकू येत नाही. बाई हसत हसत सांगतात, स्वतःवरही हसतात, आणि वाचणाऱ्याला टिळक आवडू लागतात.

क्षमा म्हणजे झालेलं विसरणं, असं आपण सहज म्हणतो. लक्ष्मीबाई काहीच विसरल्या नव्हत्या. सगळं जसंच्या तसं आठवून त्यांनी त्या माणसाला आपलं म्हटलं. टिळकांनी क्षमेवर गाणी लिहिली, पण क्षमा कशी दिसते हे पाहायचं असेल तर बायकोने लिहिलेलं हे पुस्तक उघडावं लागतं.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी गेल्या. नगरच्या चर्चमध्ये आणि महाराष्ट्रभरच्या मराठी मंडळ्यांमध्ये आजही टिळकांची गीतं गायली जातात. स्मृतिचित्रेच्या नव्या आवृत्त्या निघत राहतात. पुढच्या वेळी नगरला गेलात, तर नेवासा, शिर्डी आणि भुईकोट किल्ल्यासोबत या दोघांचं नावही आठवा.